उमऱ्याला कसं जावं: स्वतंत्र की ग्रुपने? नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

आधी हजला जायचंय की उमऱ्याला, ते ठरवा. हज असेल तर हा कागद घडी घालून ठेवा. तुमचा निर्णय सरकारांनी आपसात करून टाकला आहे. गेली काही वर्षं भारताचा कोटा १,७५,०२५ जणांचा आहे. त्यात हज कमिटीतून जा नाहीतर खासगी टूरवाल्याकडून. स्वतःच तिकीट काढून मीनाच्या तंबूत शिरायची सोय नाही. वाद घालायचा तर उमऱ्याचाच घालावा. तो हजचे दिवस सोडले तर वर्षभर करता येतो, पर्यटन व्हिसावरही चालतो, आणि प्रत्यक्ष विधी काही तासांत आटोपतो. वाद मात्र घरोघरी महिनोन् महिने चालतो.

वादाला दोन माणसं लागतात. पहिला, पुण्यात आयटीत असलेला भाचा. तो म्हणतो, "मामू, टूरवाल्याला कशाला पैसे घालता? सगळं मोबाईलवर होतं." दुसरी खाला. ती शांतपणे एवढंच विचारते, "आणि जेवण कोण करणार?" भाच्याच्या मोबाईलमध्ये याचं उत्तर नसतं. जिद्दा शहरातल्या अल-बैकचं चिकन १९७४ पासून प्रसिद्ध आहे, हे तो सांगून बघतो. खालाला दोन्ही वेळ भात लागतो.

आता पत्रक वाचायला शिका. ग्रुपच्या पत्रकावर मक्केचा फोटो, मौलानांचा फोटो आणि बावर्चीचं कौतुक असतं. बावर्ची कुठला ते जरूर विचारा. पंधरा दिवस तुमचं पोट त्याच्या हातात आहे. त्याखाली ठळक अक्षरात "हरमपासून ५०० मीटर" असं लिहिलेलं असतं. हे अंतर हॉटेलच्या दारापासून मशिदीच्या बाहेरच्या अंगणाच्या कडेपर्यंत मोजतात. ते अंगण आणि त्यापुढची मशीद तुमच्या हिशेबात धरायची. शिवाय मक्का डोंगरांमधलं गाव आहे. जाताना उतार असेल तर येताना काय असेल याचा विचार खालाच्या गुडघ्यांना विचारून करा. आपल्याकडचे बरेच ग्रुप मिसफला भागात, इब्राहिम खलील रस्त्याच्या आसपास उतरतात. तिथे उर्दू चालते, बंगाली चालते, चहा आपल्यासारखा मिळतो. भाचा निवडेल ते हॉटेल हरमच्या जवळ असेल, पण चहाला तो जबाबदार नाही.

"जियारत समाविष्ट", म्हणजे पवित्र स्थळांचं दर्शन, हाही शब्दप्रयोग नीट वाचावा. बस तुम्हाला जबल-ए-नूरपर्यंत नेते, मौलाना खिडकीतून वर बोट दाखवतात, सगळे वर बघतात, बस निघते. या डोंगरावरच्या गार-ए-हिरा गुहेपर्यंत चढून जायचं तर पहाटे उठून तासाभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात, आणि पन्नास जणांच्या बसला तेवढा धीर नसतो. इथे भाच्याची बाजू खरोखर वरचढ आहे. मदिनेत कुबा मशिदीत निवांत बसायचं असेल, उहुदच्या पायथ्याशी थोडं रेंगाळायचं असेल, तर ग्रुपमध्ये ते जमत नाही. तिथे नेहमी कुणीतरी खजुरांच्या बाजाराची घाई करत असतं.

स्वतंत्र जाणाऱ्यांनी मिकातचा पाठ तोंडपाठ करावा. मिकातची हद्द ओलांडायच्या आधी इहराम बांधून नियत केलेली हवी, नाहीतर मागे जा किंवा दम म्हणून कुर्बानी द्या. ग्रुपचे मौलाना या बाबतीत कुणावर विसंबत नाहीत. पुरुषांना मुंबई विमानतळावरच दोन पांढऱ्या चादरींत गुंडाळून टाकतात. एकटा जाणारा म्हणतो, विमानात घोषणा होईल तेव्हा बघू. घोषणा होते, तो झोपलेला असतो. आधी मदिना करून मक्केला जाणाऱ्यांची वेगळीच गंमत. त्यांचा मिकात मदिनेजवळ झुल-हुलैफाला. बस तिथे थांबते. भाच्याने मात्र २०१८ मध्ये सुरू झालेल्या हरमैन रेल्वेची तिकिटं काढलेली असतात: साडेचारशे किलोमीटर, अडीच तासांच्या आत. गाडी झकास आहे, पण झुल-हुलैफाला स्टेशन नाही. इहराम हॉटेलवरच बांधून निघायचं आणि नियत डब्यात करायची. हे भाच्याला माहीत आहे का, ते तिकिटं काढायच्या आधी विचारा.

तवाफचे, म्हणजे काबेभोवतीचे, फेरे सात. हजर-ए-अस्वदच्या रेषेत भिंतीवर हिरवा दिवा आहे, तिथून मोजणी सुरू. ग्रुपमध्ये मोजायचं काम मौलानांचं. स्वतंत्र गेलात की तिसऱ्या फेऱ्यानंतर नवरा म्हणतो चौथा चालू आहे, बायको म्हणते तिसराच. शंका आली तर कमी आकडा धरावा असा नियम आहे, त्यामुळे बायको जिंकते आणि एक फेरा वाढतो. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे आधी ठरवा. "घड्याळाच्या टॉवरखाली" असं ठरवू नका. सहाशे मीटर उंचीचा तो टॉवर सगळीकडून दिसतो, म्हणूनच सगळ्या जगाने तीच जागा ठरवलेली असते. दरवाजाचा नंबर ठरवा. मदिनेत नबींच्या मशिदीतल्या रौजात जायला नुसुक ॲपवर आगाऊ वेळ घ्यावी लागते, बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. ही वेळ मिळवणं हे भाच्याचं सगळ्यात मोठं कर्तृत्व ठरेल आणि तो ते पुढची दहा वर्षं सांगेल.

एवढं वाचून लक्षात आलं असेल की, स्वतंत्र जाण्यातही ग्रुप सुटत नाही. खाला, तिची जाऊबाई, शेजारच्या निवृत्त मास्तरांचं जोडपं आणि तुम्ही, म्हणजे ग्रुपच झाला. फरक इतकाच, एका ग्रुपचा म्होरक्या पैसे घेतो आणि दुसऱ्याचा भाचा असतो. टूरवाल्यावर ओरडता येतं, आणि त्याची त्याला सवय असते. भाच्यावर ओरडलात तर त्याची आई फोन करते. १८८६ साली ब्रिटिश सरकारने मुंबईहून निघणाऱ्या हाजींची व्यवस्था थॉमस कूक कंपनीकडे दिली होती. जगभर सहली नेणाऱ्या त्या कंपनीने काही वर्षांतच हे काम सोडून दिलं. भाच्याला ही हकिकत सांगायला हरकत नाही. त्याचा उत्साह कमी होणार नाही, पण पॉवर बँक दोन घेईल.

स्वतंत्र जायचंच असेल तर तरुण, धडधाकट आणि आपसात न भांडणाऱ्या दोघांनी जावं. व्हीलचेअर, साखरेच्या गोळ्या किंवा रुसणारा मामू यांपैकी काहीही बरोबर असेल तर ग्रुप घ्या. आणि खालावर निर्णय लादायला जाऊ नका. बायकांना महरमची, म्हणजे जवळचा पुरुष नातेवाईक बरोबर असण्याची, अट उरलेली नाही, असं सौदी हज मंत्र्यांनी २०२२ मध्येच सांगितलं आहे. तुमचं ठरेपर्यंत ती स्वतःच एखाद्या ग्रुपमध्ये नाव घालून मोकळी होईल.

बुकिंगला जाताना पासपोर्टची मुदत तपासा, पैसे भरल्याची पावती मागा, आणि शुक्रवारी दुपारी जाऊ नका. एजंट नमाजला गेलेला असतो, आणि तिथून तो जेवायला जातो.