गाव बुडाले, पाटीलकी उरली

मुंबई सरकारने 1950 साली कायदा करून परगणा आणि कुलकर्णी वतने खालसा केली, तेव्हा वडीलपणाचे वाद, तक्षिमांचे तंटे आणि एकाच शिक्क्यावर दोघा भाऊबंदांनी सांगितलेला हक्क हे सारे यापुढे दप्तरखान्याच्या रुमालांतच वाचावयास मिळणार, अशी हळहळ पुष्कळ इतिहासप्रेमी मंडळींना वाटली असेल. त्यांनी धीर सोडू नये. चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकांचे जे शौकीन विशेषेकरून यूरोप-अमेरिकेत आढळतात, त्यांच्यामध्ये ही संस्था आपल्या संपूर्ण कज्जेदलालीसह सुखरूप नांदते आहे. फरक एवढाच, की इथे गाव केव्हाच बुडाले असून भांडण चालले आहे ते निव्वळ पाटीलकीच्या शिक्क्याचे.

उदाहरणादाखल कमोडोर घराण्याचीच कैफियत पाहावी. मूळ पुरुष जॅक ट्रॅमिएल. पोलंडातल्या ज्यू कुटुंबात जन्मलेला, आउश्वित्झच्या छळछावणीतून वाचलेला आणि टोरोंटोत टंकलेखन यंत्रांच्या धंद्यातून वर आलेला हा मनुष्य. त्याच्या कंपनीने 1982 साली 595 डॉलरांना बाजारात आणलेला ‘कमोडोर 64’ पुढे कोटीच्या वर खपला, आणि 1984 च्या जानेवारीत, वैभव अगदी ऐन भरात असताना, धन्यांशी बिनसून ट्रॅमिएल स्वतःच घराबाहेर पडला व त्याच वर्षी प्रतिस्पर्धी अटारीचा गृहसंगणकांचा विभाग विकत घेऊन बसला. ज्याच्या नावाचा जयघोष करावयाचा तोच शत्रूच्या गडावर जाऊन निशाण लावतो, अशा प्रसंगी निष्ठावंताने कोणती बाजू धरावी याचा निकाल या शौकिनांत अद्याप लागलेला नाही, आणि तो लागू नये अशीच उभयपक्षांची इच्छा दिसते.

29 एप्रिल 1994 रोजी कमोडोरचे दिवाळे वाजले. तिथून पुढचा मजकूर वाचताना कुळकायद्यातल्या निष्णात वकिलालाही घेरी यावी. पुढच्या वर्षी एस्कॉम नावाच्या जर्मन कंपनीने लिलावात सर्व चीजवस्तू उचलली आणि आणखी एका वर्षात तिचेही दिवाळे निघाले. मग 1997 साली वाटण्या झाल्या: ‘कमोडोर’ हे नाव हॉलंडच्या ट्यूलिप कंपनीकडे गेले, तर ‘अमिगा’ या कमोडोरच्याच दुसऱ्या संगणकाचे, म्हणजे धाकट्या पातीचे, नाव अमेरिकेच्या गेटवे कंपनीकडे गेले, जिची ख्याती गायीच्या ठिपक्यांच्या खोक्यांतून संगणक विकण्याबद्दल होती. गेटवेने पुढे नाव विकले, परंतु एकस्वे आपल्यापाशीच ठेवली. म्हणजे शिक्का एकाचा, जमीन दुसऱ्याची. त्यानंतर अमिगाच्या कार्यप्रणालीवरून अमेरिकेच्या न्यायालयात फिर्याद लागली आणि 2009 च्या तडजोडीने प्रणाली बेल्जियमच्या हायपेरियन कंपनीकडे व ‘अमिगा’ नामक मूळ वतन अमेरिकन नामधारकाकडे, अशी फाळणी होऊन उभयता पुन्हा भांडावयास मोकळे झाले. तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांचा जो चेंडू 1984 साली लास व्हेगासच्या प्रदर्शनात अमिगाने पडद्यावर उसळवून दाखविला, तो चेंडूदेखील करारनाम्यात कलमबंद झालेला आहे.

या वहिवाटीचा परिणाम असा मौजेचा झाला, की ज्याच्याजवळ नाव त्याच्याजवळ माल नाही आणि ज्याच्याजवळ माल त्याला नाव घेण्याची मुभा नाही. 2011 साली एका अमेरिकन परवानाधारकाने जुन्या ‘64’ च्या हुबेहूब पेटीत साधा, आजच्या धाटणीचा पीसी भरून तो कमोडोर म्हणून विकला. नाव अस्सल, सनदशीर, कायदेशीर. आत मात्र मूळ यंत्राचा मागमूस नव्हता. याउलट 2018 साली आलेल्या चिमुकल्या ‘द सी64 मिनी’ मध्ये तेच जुने खेळ, तीच निळी पाटी, तीच पेटी होती. पण पेटीवर पूर्वजाचे नाव कुठेच नाही, सासऱ्याचे नाव न घेणाऱ्या जुन्या वळणाच्या सुनेसारखा तिथे नुसता निर्देश होता. कळफलकाच्या कळा तर दाबल्या जातच नव्हत्या, त्या केवळ शोभेच्या. 2022 च्या ‘द ए500 मिनी’ नेही अमिगा हा शब्द उच्चारला नाही. त्याच सुमारास जर्मनीतल्या काही ध्येयवेड्या मंडळींनी, कमोडोरने अर्धवट सोडून दिलेला ‘65’ वर्षानुवर्षांच्या खटपटीने पुरा करून दाखविला. तो खरोखरच विद्वत्तेचा आणि चिकाटीचा नमुना आहे. परंतु डाव्या खालच्या कोपऱ्यात जिथे कमोडोरचे चिन्ह असलेली कळ असावयाची, तिथे त्यांना ‘मेगा’ असे आपले स्वतःचे चिन्ह कोरावे लागले.

सर्वांत दूरदृष्टीचे निघाले ते ‘एरॉस’ या मुक्त प्रणालीचे कर्ते. ‘अमिगा रिसर्च ऑपरेटिंग सिस्टिम’ हे त्यांचे मूळ नाव उद्या कोणी जप्त करील, हे ओळखून त्यांनी पहिल्या अक्षराचा अर्थच ‘एरॉस’ असा ठरविला. म्हणजे नावाचा विस्तार करू लागावे तो पुन्हा तेच नाव पुढे उभे. अशा नावावर दावा लावावयाचा तरी कुठल्या शब्दावर?

सामान्य शौकीन मात्र या सर्व मुत्सद्देगिरीपासून अलिप्त राहून आपली उपासना चालवीत असतो. केशकर्तनालयात मिळणारी पेरॉक्साइडची मलई तो पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकवर चोळतो, ते पारदर्शक कागदात गुंडाळून उन्हात ठेवतो आणि त्याला पूर्वीचा वर्ण आणतो. मग झिजलेल्या पाटीच्या जागी सप्तरंगी पट्ट्यांची नवी पाटी चिकटवितो. ही पाटी कोणा घरगुती कारागिराने, नामधारकाला न विचारता छापलेली असते; आणि ती चिकटवून हात पुसता पुसता हाच सद्गृहस्थ नावाच्या पावित्र्यावर व परक्यांनी केलेल्या दुरुपयोगावर तासभर बोलू शकतो. त्यात दांभिकपणा नाही. मालकाची मिळकत कागदावर असते आणि भक्ताची स्मृतीत, एवढाच काय तो भेद. मात्र दिवाणी न्यायालयात स्मृतीचा कब्जा सिद्ध होत नाही.

कमोडोरच्याच काळातल्या ‘स्पेक्ट्रम’ या ब्रिटिश गृहसंगणकाची गोष्ट थोडक्यात सांगितलेली बरी. त्याच्या कर्त्या सिंक्लेअरचे नाव 1986 साली 50 लाख पौंडांना ॲमस्ट्रॅडने घेतले, ॲमस्ट्रॅड 2007 मध्ये दूरचित्रवाणीवाल्या स्कायने गिळले आणि स्काय 2018 मध्ये अमेरिकेच्या कॉमकास्टच्या पोटात गेले. ब्रिटिश बालपणाची एवढी मोठी जहागीर फिलाडेल्फियाच्या दप्तरी जमा झाली, याचा पत्ता कॉमकास्टला तरी आहे की नाही, याबद्दल आम्हांस दाट शंका आहे.

अखेर 2025 साली कमोडोरच्या नावाचा उद्धार झाला म्हणतात. ख्रिश्चन सिम्पसन नावाच्या, याच छंदात मुरलेल्या यूट्यूबकाराने ते विकत घेतले, जुन्या कंपनीतली काही माणसे सोबत बोलाविली आणि ‘कमोडोर 64 अल्टिमेट’ जाहीर केला. इतक्या वर्षांनी नाव आणि माल एका छपराखाली आले. ही बातमी ऐकून शौकिनांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले असतील, पण एस्कॉम-ट्यूलिपांना दूषणे देण्याचा हक्काचा विषय हातचा गेला हेही खरेच. नव्या धन्याला आपल्या कुळांची नाडी ठाऊक आहे. 2025 साली जाहीर झालेले भाव असे: साधे मळकट पिवळसर यंत्र 299 डॉलरांना, आत दिवे लावलेले पारदर्शक 349 ला. आणि 499 डॉलरांच्या संस्थापक आवृत्तीवर कमोडोर ही पाटी 24 कॅरट सोन्याच्या मुलाम्यात मिळत होती. आतला मुख्य फलक तिन्हींत एकच होता.