डेक चिकटवणाऱ्या महाशयांस अनावृत पत्र

महाशय,



आपण विकलेली रिमोटवर चालणारी छोटी टगबोट सुखरूप पोहोचली. सुखरूप म्हणजे बाहेरून. काय ती रंगाची सफाई! धुराड्यावरचा काळा पट्टा, कठड्याला टांगलेली इवलाली टायरं, नाळेवर दोरखंडाची वेटोळी. एवढं करून दमल्यावर आतला रेडिओ कोण नीट बसवत बसणार? आपण तो बसवला नाहीतच. पोटात सोडून दिलात आणि वरून डेक एपॉक्सीने कायमचा चिकटवलात. पुरावा दडवण्याची ही पद्धत उत्तमच होती, फक्त करवतीपुढे टिकली नाही.

आत पहिल्यांदा भेटला तो रिसीव्हर. तळाला, साचलेल्या पाण्यात निवांत पहुडलेला. आपला रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि पाणी या लहरी गिळून टाकतं. मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळपास याच फ्रिक्वेन्सीवर चालतो. त्यात भाजीतल्या पाण्याचं काय होतं ते घरोघरी ठाऊक आहे. बोट तरंगते तेव्हा तिचा तळ पाण्याच्या पातळीखाली असतो, ही किरकोळ बाब आपल्या नजरेतून सुटली असावी. म्हणून तर लोक रिसीव्हर उंचावर, डेकच्या खालच्या अंगाला लावतात आणि अँटेना मोटरच्या वायरींपासून लांब, सरळ ठेवतात.

अँटेनाबद्दल तर आपला सत्कारच करायला हवा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. रिसीव्हरच्या वायरीच्या टोकाला जी उघडी तार असते ती या लांबीचा चौथा हिस्सा, सुमारे ३१ मिलिमीटर. खरी अँटेना तेवढीच, बाकीची नुसती तिथवर नेणारी केबल. आपण नेमकं तेवढंच टोक कापलंत. लोंबत होतं, दिसायला वाईट दिसत होतं, खरं ना? निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी पहिली बोट लोकांना दाखवली, तेव्हा अँटेना बोटीच्या वर उभी होती. त्या माणसाला नीटनेटकेपणाची हौस नसावी.

विक्रीच्या व्हिडिओत बोट कशी झकास वळत होती! आता कळतं की तो आपल्या घरचा पाण्याचा हौद होता. हातभर अंतरावर कापलेली अँटेनाही ऐकते. रंकाळा तलावात मात्र बोट काठापासून जरा लांब गेली आणि तिने माझं ऐकणं सोडलं. थांबली नाही हं, फक्त ऐकणं सोडलं. संपर्क तुटला तर मोटर बंद करायची, हे रिसीव्हरला आधी शिकवून ठेवावं लागतं. त्याला फेलसेफ म्हणतात, आणि ते लावायला मिनिटभर पुरतं. न शिकवलेले बरेच रिसीव्हर शेवटचा हुकूम धरून बसतात. शेवटचा हुकूम होता पूर्ण वेगाचा. टगबोट थेट जलपर्णीत घुसली आणि पंखे घरघरून थांबले. काठावर भेळ खाणाऱ्या मंडळींची करमणूक झाली. “सेल घातलाईस न्हवं, भावा?” असा तांत्रिक सल्लाही मिळाला.

आता दोन लाल वायरींकडे येऊ. बोटीला दोन मोटरी, म्हणून वेग सांभाळणारे दोन ईएससी. प्रत्येक ईएससी बॅटरीतून पाच व्होल्ट काढून रिसीव्हरला पाजतो. आपण दोघांच्याही लाल वायरी जोडल्यात, म्हणजे एका दौलतीला दोन कारभारी नेमलेत. असं कधीकधी चालून जातं, तर कधी एकावरच सगळा भार पडून तो तापून बसतो. एका प्लगमधली लाल पिन सुईने उचलून बाहेर काढायची आणि टेपने गुंडाळायची, एवढंच काम होतं. एवढी टायरं टांगणाऱ्या माणसाकडे सुई नव्हती, यावर विश्वास ठेवणं जड जातं.

ब्रशवाल्या मोटरींच्या ठिणग्यांची खरखर दाबायला टर्मिनलांवर छोटे सिरॅमिक कपॅसिटर डाखतात. १०४ असं छापलेलं असतं त्यांच्यावर, किंमत दोन-चार रुपये. एकही सापडला नाही. एवढी काटकसर केलीत, तर धुराड्याला सोनेरी रंग कशाला?

सुकाणू फिरवणारा सर्व्हो आपण दुहेरी टेपने चिकटवलात. टेप तेलकट फळीवर, त्यामुळे सुकाणू जागचं हलत नाही, सर्व्होच डोलतो. सर्व्होबरोबर रबरी बुशिंग, पितळी नळ्या आणि स्क्रू येतात. ती पुडी मला बोटीतच सापडली, न फोडलेली. पंख्यांच्या शाफ्टच्या नळ्यांत ग्रीसचा ठिपका नाही. पाणी तिथूनच आलं, म्हणजे रिसीव्हरच्या जलसमाधीची सोयही आपणच करून ठेवली होती. बॅटरी एपॉक्सीने जाम. चार्ज करायला ती कशी काढायची, याचं गुपित आपण बहुधा सोबत घेऊन जाणार.

महाशय, न जमणं हा गुन्हा नव्हे. रेडिओ बसवणं कुणालाच पहिल्या दिवशी येत नाही. आपला गुन्हा त्या एपॉक्सीचा. झाकण उघडं राहिलं असतं, तर घेणाऱ्याने अर्ध्या तासात सगळं ताळ्यावर आणलं असतं. आपण ते बंद केलंत, कारण आत काय आहे हे आपल्याला पक्कं माहीत होतं.

आपण आता फेरीबोट विकायला काढल्याचं कळलं. रंग पांढरा-निळा, फोटो देखणे, डेक एकसंध. तेव्हा हे पत्र वाचणाऱ्या इतरांना एक विनंती: बोट घेण्याआधी डेक उचलायला सांगा. उचलला गेला नाही तर पैसे खिशातच राहू द्या.

आपल्या टगबोटीचा सध्याचा मालक