वाघ काल होता

ताडोबात मराठीचा एकच काळ चालतो, भूतकाळ. मे महिन्यात पहाटे पाचला डोळे चोळत मोहर्लीच्या गेटवर उभं राहा आणि कुणालाही विचारा, उत्तर तेच. "काल होती ना जी. पिल्लं घेऊन रोडवरच बसली होती. अर्धा तास हलली नाही." काल आलेल्यांना विचारलं तर त्यांना परवाचं सांगितलेलं असतं. मी या गेटवर सात वेळा गेलो आहे आणि सातही वेळा बरोबर एक दिवस उशिरा पोहोचलो आहे.

या खेपेला पुण्याचे साडू बरोबर होते. बुकिंग त्यांनी कित्येक महिने आधी केलं होतं. पोराच्या कॉलेजप्रवेशालाही ते इतक्या पहाटे संगणकासमोर बसले नव्हते. नाव, वय, ओळखपत्राचा नंबर, गेटवर पुन्हा तेच ओळखपत्र. आपल्या लग्नाला एवढी कागदपत्रं लागली नव्हती, असं साडू म्हणाले. तेव्हा लागली असती तर बरं झालं असतं, असं मेहुणीच्या चेहऱ्यावर दिसलं.

साडू डोक्यापासून पायापर्यंत पानापानांचे कपडे घालून आले होते. हे कपडे घातले की वाघाला माणूस दिसत नाही म्हणे. गेटवर तशाच कपड्यांतली शे-दीडशे माणसं चहा पीत होती आणि मला सगळीच्या सगळी दिसत होती. लेन्स त्यांनी भाड्याने आणली होती. तिला जिप्सीत वेगळी सीट लागणार असं वाटलं, पण शेवटी ती मेहुणीच्या मांडीवर बसली. फोन मात्र पिशवीत घालून बंद करावे लागले. २०१८ सालच्या अखेरीपासून ताडोबाच्या कोअरमध्ये, म्हणजे गाभ्यातल्या जंगलात, मोबाईलला बंदी आहे. त्यामुळे आत शिरल्यावर माणसं पहिली दहा मिनिटं खिसे चाचपतात आणि मग दुसरं काही बघण्यासारखं नाही म्हणून झाडांकडे बघतात.

जिप्सीबद्दलही एक सांगायला हवं. मारुतीने ही गाडी सर्वसामान्यांना विकणं २०१९ साली बंद केलं. बाहेरच्या जगात ती दुर्मिळ होत चालली आहे, पण अभयारण्यांच्या गेटांवर तिचे कळपच्या कळप अजून दिसतात. वाघाखालोखाल एवढं जपलेलं जनावर विदर्भात दुसरं नाही.

आमची गाईड गेटजवळच्याच गावातली पोरगी होती. खाकी शर्ट, पायात कापडी बूट, नजर झाडाच्या शेंड्यापासून मातीतल्या ठशापर्यंत एका दमात फिरवणारी. पहिल्या वळणावर तिने कांडोळाचं झाड दाखवलं. उन्हाळ्यात पानं झडून ते असं पांढरंफटक उभं राहतं की लोक त्याला भुताचं झाड म्हणतात. साडू म्हणाले, "ताई, हे येताना बघू." पुढे बांबूच्या बेटात स्वर्गीय नर्तक दिसला, फुटभर पांढरी फीत शेपटीला बांधल्यासारखा. "येताना." रस्त्याकडेला गोंड राजांच्या काळचे दगडी खांब लागले. साडूंना ते किलोमीटरचे दगड वाटले आणि त्यांच्यावर आकडे नाहीत म्हणून ते वनखात्यावर नाराज झाले. सर्पगरुड, मोहाची झाडं, ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल, सगळं येतानाच्या यादीत गेलं. त्यानंतर पोरगी गप्प झाली. गप्प झालेला गाईड म्हणजे आता आपण गंभीरपणे वाघ शोधतो आहोत, असा साडूंचा समज झाला.

अरण्यलेखक मारुती चितमपल्लींनी उभी नोकरी रानात काढली आणि मराठीला 'काकागार', 'सारंगागार' असे शब्द दिले. कावळ्यांची आणि बगळ्यांची वसाहत एका शब्दात सांगता यावी म्हणून माणसाने केवढा खटाटोप केला. ते जून २०२५ मध्ये गेले. आता जंगलात एकूण चार शब्द पुरतात: कॉल, सायटिंग, हेड-ऑन आणि मिस. वाघ समोरून चालत आला तर हेड-ऑन, नुसता दिसला तर सायटिंग, न दिसता सांबर ओरडलं तर कॉल, आणि आपण गेल्यावर दिसला तर मिस. आमच्या सातही वाऱ्या चौथ्या शब्दात मावतात.

तळ्याकाठी आलो तेव्हा पोरीने न राहवून तारूची गोष्ट सांगितली. ताडोबा हे नाव ज्याच्यावरून पडलं तो तारू गावचा प्रमुख होता, त्याची वाघाशी झुंज झाली आणि त्यात तो गेला. लोकांनी त्याचा देव केला. त्याचं ठाणं तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली आहे आणि पौषात आदिवासी तिथे दर्शनाला येत आले आहेत. थोडक्यात, इथलं पहिलं सायटिंग तारूला झालं. अगदी हेड-ऑन. साडूंनी देवाला हात जोडले आणि वाघ दिसू दे म्हणाले. वाघाच्या हातून गेलेल्या माणसाकडे वाघ मागणारा भक्त त्या देवाला आता नवा राहिला नसावा.

तेवढ्यात सांबर ओरडलं.

इथून पुढे जे होतं त्याला जंगलात 'कॉलवर जाणं' म्हणतात आणि शहरात बेदरकार वाहन चालवणं म्हणतात. वेगमर्यादेची पाटी आमच्या डाव्या बाजूने अशी निघून गेली की तिच्यावरचा आकडा वाचता आला नाही. वाघाचं दर्शन कसं घ्यावं याचे नियम राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ साली घालून दिले आहेत. प्राण्यापासून वीस मीटर लांब राहावं, दोन गाड्यांत पन्नास मीटर अंतर असावं, वाघाजवळ पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे चौदा जिप्स्या होत्या आणि पन्नास मीटरांत त्या सगळ्या मावल्या होत्या. गणपतीत लक्ष्मी रोडवर इतकी दाटी नसते. शिवाय लक्ष्मी रोडवर लोक मागच्याला थोडी वाट देतात. इथे प्रत्येक ड्रायव्हर एकदा पुढे घेत होता, एकदा मागे घेत होता. "दादा, जरा डावीकडे." "ओ टोपी, खाली बसा." "शेपटी, शेपटी हलली." कुणाची हलली, हे कुणीच विचारलं नाही.

मला ती शेपटी दिसली. निदान मी तसं घरी सांगितलं आहे.

ज्या वर्षी हे नियम झाले त्याच २०१२ साली सुप्रीम कोर्टाने २४ जुलैपासून १६ ऑक्टोबरपर्यंत कोअरमधलं पर्यटन थांबवलं होतं. पर्यटनवाल्यांनी आकाश डोक्यावर घेतलं, आता वाघ वाचणार नाहीत म्हणून. ताडोबाचा कोअर आता तसाही १ जुलै ते ३० सप्टेंबर पावसाळ्यासाठी बंद असतो. म्हणजे आजच्या हिशेबाने इथल्या वाघांना कोर्टाकडून जेमतेम पंधरा दिवसांची जादा रजा मिळाली. एवढ्या लढाईनंतर ही कमाई वाईट म्हणता येणार नाही.

कोर्टाला पुन्हा लक्ष घालावं लागलं ते उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या वेळी. ३१ डिसेंबर २०२४. लोक सरत्या वर्षाला निरोप द्यायला घराबाहेर पडले होते आणि एफ-२ नावाची वाघीणही तिची पाच पिल्लं घेऊन बाहेर पडली होती. रस्त्यावर दोन्ही बाजूंनी जिप्स्यांनी तिला अशी कोंडीत धरली की तिला ना पुढे जाता येईना, ना मागे. त्याचे व्हिडिओ पसरले आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाईड आणि ड्रायव्हरांवर कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. पण मागच्या सीटवर उभं राहून "दादा, अजून थोडी पुढे घ्या, टिपचं बघू" म्हणणारा माणूस मात्र कुठल्याच कारवाईत सापडत नाही. तो पानापानांच्या कपड्यांत असतो ना.

याच उमरेडमध्ये जय नावाचा वाघ होता. 'शोले'तल्या जयवरून नाव, भावाचं नाव वीरू. त्याला बघायला मुंबईहून विमानाने माणसं येत. एप्रिल २०१६ नंतर तो कुणाला दिसला नाही. एवढ्या गाड्या, एवढ्या लेन्सा, गळ्यात रेडिओ कॉलर, आणि एवढा बघितलेला वाघ हरवला. बघणं आणि लक्ष ठेवणं यांत फरक असावा, अशी मला तेव्हापासून शंका आहे.

शेपटीचा सोहळा आटोपून आम्ही जामणीच्या कुरणाकडे निघालो. काय सुंदर जागा. सोनेरी वाळलेलं गवत, मध्ये चितळांचा कळप, मागे सागाची रांग. साडू प्रथमच कॅमेरा न उचलता बघत राहिले. म्हणाले, "असं कुरण निसर्गच करू जाणे." पोरगी म्हणाली, "इथं गाव होतं ना जी. जामणी." आम्ही शोधू लागलो. घर नाही, विहिरीचा कठडा नाही, काही नाही. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही कोअरमधली गावं उठवून बाहेर वसवली, शेतं मोकळी सोडली, तिथे गवत आलं, गवतामागून चितळ आले, चितळांमागून वाघ आला आणि वाघामागून आम्ही आलो. ज्यांची शेतं होती त्यांना आता आत यायचं तर परवाना लागतो. लोक राजीखुशीने गेले, चांगलं पॅकेज मिळालं असंही सांगतात, आणि वाघांना त्याने जागा मिळाली यात वाद नाही. माझी तक्रार एवढीच की त्या कुरणाला आम्ही निसर्गसौंदर्य म्हणत होतो आणि जवळ उभी असलेली पोरगी त्याला गाव म्हणत होती.

२०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. २०१४ साली ते १९० होते. आनंदाचीच गोष्ट आहे. पण ताडोबाचा कोअर सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा. त्यात किती वाघ बसणार? तरण्या वाघाला नवी जागा लागते. तो भोवतालच्या बफरमध्ये उतरतो, तिथून झुडपी जंगलात, तिथून धानाच्या बांध्यांत. तिथल्या सायटिंगला बुकिंग लागत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूचा हंगाम आणि सफारीचा हंगाम एकच. पाणवठे आटतात, वाघ पाण्यावर येतो, म्हणून आपण मे महिना धरून जातो. त्याच मे महिन्यात तेंदूची पानं तोडण्याजोगी होतात, म्हणून त्याही जातात. पहाटेच निघायचं, उन्हाच्या आत परतायचं, वेळही तीच. त्यांना जिप्सी नसते.

दहाच्या सुमारास गेटवर परतलो. अंगावर लाल धुळीचा थर, साडूंच्या कॅमेऱ्यात तीनशे फोटो, त्यातले दोनशे साठ शेपटीच्या शक्यतेचे. पोरीने फोनची पिशवी सोडवून आधी स्वतःचा फोन काढला आणि घाईने घरी लावला. तिची आई पहाटे चार जणींबरोबर गावामागच्या जंगलात तेंदूपत्त्यावर गेली होती. बोलता बोलता पोरीचा आवाज बदलला. मग तिने फोन ठेवला आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "आईले दिसला. नाल्यापाशी. समोरच उभा होता."

"आत्ता?" साडूंनी लेन्सचं झाकण काढलं. "म्हणजे हेड-ऑन? किती लांब होता? काय नशीब आहे हो तुमच्या आईचं!"

पोरगी म्हणाली, सगळ्या जणी ओरडत पळाल्या, लागलं कुणाला नाही. तोडलेला पत्ता मात्र तिथेच राहिला. सकाळभराची मजुरी होती. ऊन उतरलं की तो आणायला त्या परत जाणार होत्या.

साडूंनी नाला कुठल्या गेटकडून जवळ पडेल ते विचारून घेतलं.