सहा पायांची म्हैस

कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या माणसाला 'अज्ञान' म्हणतात. आमच्या जुन्या सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' ही अक्षरं मी लहानपणापासून पाहत आलो, आणि ते एखाद्या चुलतपणजोबांचं टोपणनाव असावं, अशी माझी समजूत होती. 'अज्ञान पालनकर्ता' हा उलगडा साठी उलटल्यावर झाला. तोही आमच्या संस्थेच्या वकीलसाहेबांमुळे.

संस्था म्हणजे सांगलीत एका वाड्याच्या ओसरीवर शनिवार-रविवारी भरणारा मुलांचा चित्रांचा आणि नाटकाचा वर्ग. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं, तिथे नाटकासाठी कागदपत्रं कशाला, असं आम्हाला वाटे. तरी सात सह्या जमवून १८६०च्या कायद्याखाली नोंदणी केली, मग १९५०च्या कायद्याखाली विश्वस्त व्यवस्थाही झालो, आणि निर्धास्त झोपलो. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल अर्ज द्यायचा असतो. आमचे एक विश्वस्त मुलाकडे राहायला गेले त्याला चार वर्षं झाली होती. सभेला आम्ही सवयीने त्यांचा चहा ओतत होतो, तेवढीच काय ती नोंद.

वकीलसाहेबांनी संस्थेची फाईल उघडली आणि आजी सुपातले खडे वेचायची तशी पानं वेचत बसले. फीचा विषय मी पासबुक मिटूनच काढला. त्यांनी कागद ओढला, रकमेच्या जागी 'निरंक' लिहिलं आणि खाली सही केली. काय देखणा शब्द आहे! 'फुकट' म्हटलं की माणूस ओशाळतो; 'निरंक' कसा इस्त्रीचा सदरा घालून येतो. स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत त्यांचे आभार छापले होते, तेही त्यांनी खोडले. वकिलाला जाहिरात चालत नाही, म्हणे. फुकट काम करणाऱ्याची जाहिरात होऊन आणखी फुकट कामंच येणार, हे मी बोललो नाही.

मग त्यांच्या हाती दिवाळीचं भेटकार्ड लागलं. त्यावर आमच्या आठ वर्षांच्या एका मुलीने काढलेली जांभळी म्हैस होती, सहा पायांची. अशी कार्डं विकून आम्ही रंग आणत असू.

"हिची परवानगी?"

"म्हशीची?"

"चित्रकाराची."

मग कळलं की १९५७च्या कायद्यानुसार चित्र ज्याने काढलं त्याचं. वयाची अट नाही. करार करायला पोरगी अज्ञान, पण म्हशीची मालकीण पूर्ण सज्ञान. हक्क तिच्या हयातभर आणि पुढे साठ वर्षं. मी बोटांवर हिशेब केला. पोरगी ऐंशी वर्षं जगली, तर म्हैस अजून सव्वाशेच्या वर वर्षं अबाधित. आणि आम्हाला ओसरीच्या पुढच्या महिन्याच्या भाड्याची खात्री नव्हती. माझ्या आयुष्यात मी इतक्या टिकाऊ वस्तूचा खजिनदार कधीच नव्हतो.

रविवारी पोरीचे वडील आले. गवळी माणूस. त्यांनी संमतीपत्रापेक्षा चित्रच जास्त वेळ पाहिलं. "सहा पाय का गं?"

"चालतीये ना ती," पोरगी म्हणाली.

वडिलांनी पालक म्हणून सही केली. पोरगी हटेना, तिलाही करायची होती. मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. त्या सहीला कायद्यात काही अर्थ नाही, हे त्यांच्याइतकं त्या ओसरीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी पट्टी घेतली, वडिलांच्या सहीखाली एक सरळ रेघ आखली आणि स्वतःचं पेन तिच्या हातात दिलं.

तिला जोडाक्षरं नीट येत नव्हती. तिने रेघेवर एक बारकी म्हैस काढली. वकीलसाहेब चष्मा वर करून पाय मोजू लागले. चारच भरले.

"इथे ती उभी आहे," पोरगी म्हणाली.