रिकाम्या रणगाड्याची थोरवी

रणगाड्याचा सर्वांत त्रासदायक भाग कोणता, असं विचारलं तर जाणकार इंजिनाचं नाव घेतात, नाहीतर पट्ट्यांचं. खरा त्रास आहे तो आत बसलेल्या माणसाचा. त्याच्या जिवासाठी जाड चिलखत लावावं लागतं, चिलखतापायी वजन वाढतं, वजनापायी इंजिन वाढतं आणि इंजिनापायी डिझेल. एवढं करूनही तो जळायचा तो जळतोच, आणि वर त्याच्या घरी पत्र पाठवावं लागतं. १९१६ साली सोमच्या लढाईत पहिले रणगाडे उतरले, तेव्हापासून जगभरचे हुशार इंजिनिअर या एकाच अडचणीवर डोकं आपटत आले आहेत. माणूस काढून टाकावा आणि रिकाम्या जागेत स्फोटकं ठासावीत, हा उपाय इतका सोपा आहे की तो शहाण्या माणसाला सुचणं कठीणच होतं.

जून २०२३ मध्ये हा उपाय पूर्वेकडच्या युक्रेनमध्ये, दोनेत्स्क प्रांतातल्या मारिंकाजवळ अमलात आला. रशियाने त्यासाठी टी-५४/५५ जातीचा रणगाडा निवडला. या घराण्याचा जन्म स्तालिनच्या काळातला. निवृत्तीचं वय कधीच उलटून गेलेलं. आपल्याकडे १९७१ च्या युद्धात लढलेले टी-५५ आता चबुतऱ्यावर उभे असतात आणि पोरं त्यांच्यासमोर फोटो काढून घेतात. म्हातारपणी नुसतं उभं राहायला लावणं हा त्या यंत्राचा केवढा अपमान आहे, हे मारिंकाकडे पाहिल्यावर कळतं.

रशियाच्या संरक्षण खात्याने दिलेल्या माहितीनुसार आत साडेतीन टन टीएनटी भरलं होतं. तेवढ्याने पोट भरणार नाही म्हणून तोंडी लावायला पाच विमानी बॉम्ब, प्रत्येकी १०० किलोचे. या आकड्याची काटकसर समजून घेतली पाहिजे. १५२ मिलिमीटरच्या तोफगोळ्यात सहा-सात किलो स्फोटक असतं, म्हणजे पाचशेहून अधिक गोळ्यांचा ऐवज इथे एका पोटात होता. तोफखान्याला दिला असता तर त्या उधळ्या लोकांनी तो पाचशे ठिकाणी, मैलोन् मैल दूर, नेमका शत्रूच्या डोक्यावर टाकून संपवला असता. इथे तो एकाच ठिकाणी, पायी गेल्याच्या वेगाने, शत्रूच्या डोळ्यांदेखत नेता आला.

नेमबाजीची पद्धतही तितकीच थोर. चालकाने रणगाड्याचं तोंड शत्रूकडे केलं, खालचा गिअर टाकला, अॅक्सिलरेटर अडकवून ठेवला आणि झाकणातून उडी मारून मागे पळाला. पुढचं काम रणगाड्याच्या सद्बुद्धीवर सोपवलं. गाडीवान झोपला तरी बैल गाडी घरी आणतात, कारण त्यांना गोठा ठाऊक असतो. रणगाड्याला गोठा नसतो. त्याला वळवायचं तर दोन पट्ट्यांचे दोन दांडे ओढावे लागतात, आणि ते ओढणारे हात तर केव्हाच माघारी निघालेले. म्हणजे सत्तरीला आलेल्या यंत्राचे दोन्ही पट्टे अगदी सारखे झिजलेले असणं आणि वाटेत एकही खड्डा नसणं, एवढ्याच किरकोळ गोष्टींवर मोहीम अवलंबून होती. युद्धभूमीवर खड्डे कुठून येणार?

खंदकापासून साधारण १०० मीटर अलीकडे रणगाडा सुरुंगावर चढला आणि थांबला. युक्रेनी सैनिकांनी त्यावर आरपीजी डागला. मग जे झालं त्याचं ड्रोनने केलेलं चित्रीकरण जगाने पाहिलं: जमिनीवरून पसरत जाणारी धक्क्याची लाट, धुराचा डोंगर, आणि रणगाड्याच्या जागी काहीच नाही. शत्रूची प्रचंड हानी झाल्याचं मॉस्कोहून जाहीर झालं. शेताची झाली, याबद्दल तर दोन्ही बाजूंत दुमत होणार नाही.

या परंपरेचे पूर्वज दुसऱ्या महायुद्धातले जर्मन. त्यांचा गोलायथ दीडेक मीटर लांबीचा, टेबलाखाली मावेल एवढा बुटका रणगाडा. आधी ६० किलो, पुढे १०० किलो स्फोटक पोटात, आणि मागे सहाशे-साडेसहाशे मीटर तारेचं शेपूट. तारेतून चालवायचा, तारेतूनच उडवायचा. वेग दुडक्या चालीचा आणि चिलखत पातळ. शेपूट इतकं लांब ठेवण्यामागचा उदार हेतू जर्मनांविरुद्ध उठलेल्या वॉर्साच्या बंडखोरांना लगेच कळला. त्यांनी ते कापायला सुरुवात केली. सुरुवातीच्या एका नगाचा खर्च ३,००० राइशमार्कच्या घरात आणि वापर आयुष्यात एकदाच. असे साडेसात हजारांहून अधिक बनले. कारखाना चालू होता, हिशेबनीस आकडे लिहीत होते, आणि ‘पण हे करायचं कशाला?’ असं विचारणारं खातं त्या राज्यात नव्हतं.

त्याच सैन्याकडे बोर्गवार्ड नावाची थोरली गाडी होती. चालक ती लक्ष्याजवळ नेऊन उतरायचा, तिथून पुढे ती रेडिओवर चालायची, पुढ्यातली ४५० किलोची पेटी लक्ष्यापाशी घसरवून टाकायची आणि स्फोटाआधी मागे यायची. पुन्हा वापरण्यासाठी! असा कद्रूपणा आपल्या विषयात बसत नाही. पण १३ ऑगस्ट १९४४ मुळे तिचं नाव टाळताही येत नाही. त्या दिवशी वॉर्साच्या जुन्या शहरात अशी एक गाडी बॅरिकेडपाशी सोडून तिचा चालक पळाला. बंडखोरांनी ती ताब्यात घेतली. शत्रूचा रणगाडा हाती लागला म्हणून गल्ल्यांतून मिरवणूक निघाली, लोक घरांतून बाहेर आले, पोरं गाडीभोवती धावू लागली. किलिन्स्की रस्त्यावर पुढ्यातली पेटी घसरली. तीनशेहून अधिक माणसं गेली. तो ठरवून लावलेला सापळा होता की अपघात, यावर इतिहासकार वर्षानुवर्षं भांडले. शस्त्राच्या बाजूने पाहिलं तर हा वाद गैरलागू आहे. खंदकावर धाडलं की वाटेत अडतं आणि मिरवणुकीत मात्र पोचतं, हा त्याचा स्वभाव तेव्हाच दिसून आला.

हा स्वभाव ओळखून त्याला योग्य काम देण्याचं श्रेय इस्रायलच्या सैन्याकडे जातं. त्यांच्याकडे एम-११३ या अमेरिकी चिलखती गाड्या ढिगाने होत्या. १९६० पासूनचा नमुना, चिलखत अॅल्युमिनियमचं. मे २००४ मध्ये गाझात लागोपाठच्या दोन दिवसांत अशा दोन गाड्या उडाल्या आणि ११ सैनिक मेले. त्यांतल्या निदान एकीत तेव्हाही स्फोटकंच होती. चूक एवढीच झाली की सोबत माणसंही बसवली होती. जुलै २०१४ मध्ये गाझातल्याच शुजाइय्यात आणखी एक गाडी गेली, सात सैनिक गेले. ही गाडी माणसांसाठी धड नाही, हे सिद्ध व्हायला एवढा पुरावा लागला. सिद्ध झाल्यावर मात्र तर्क सरळ होता. २०२४ पासून त्यांतल्या जुन्या गाड्या स्फोटकांनी भरून, दूर बसून, जबालियाच्या आणि पुढे गाझा शहराच्या वस्त्यांत सोडल्या जाऊ लागल्या. तिथले रहिवासी त्यांना नुसतं ‘रोबोट’ म्हणतात.

इथे या शस्त्राचे सगळे जुने दोष गळून पडले. वेग कमी असला तरी बिघडत नाही, कारण घर पळून जात नाही. ते तार कापायला येत नाही. दिशा थोडी चुकली तरी चालते. आणि गाडी ठरल्या जागेच्या १०० मीटर अलीकडे अडली, तरी काळजीचं कारण नाही. तिथेही कुणाचं तरी घर असतंच.