सोळा जीबीचे चिरंजीव

मोबाइल भरला की फोटो उडवून मोकळी होणारी माणसं वेगळी आणि मेमरीवाले भाऊ वेगळे. भाऊंनी आजवर एकही फोटो उडवलेला नाही, हललेलासुद्धा. असे गृहस्थ हल्ली प्रत्येक तालुक्याच्या गावी एखादे तरी सापडतात. आमचे चामोर्शीचे. पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करतात. देवघराशेजारच्या फळीवर त्यांचा काळा डबा आहे. आत दोन हार्ड डिस्क, एकीवर जे पडतं ते आपोआप दुसरीवरही उतरतं. जवळच्या मार्कंड्याच्या देवळांचं एकेक शिल्प त्यात सकाळच्या उन्हात आहे, संध्याकाळच्या उन्हात आहे आणि मध्येच आडव्या आलेल्या मावशींसकटही आहे. महाशिवरात्रीची जत्रा आहे, उत्तरेकडे वाहणारी वैनगंगा आहे.

एका रात्री भाऊंना वाटलं, डबा हळू चालतोय. घरात दुसऱ्या कोणाला तसं वाटलं नाही, कारण दुसरं कोणी तो उघडतच नाही.

डबा सिनॉलॉजीचा, डीएस२२०+. त्यात २ जीबी रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली आणि जोडीला एक रिकामा स्लॉट. कंपनी सांगते, ४ची पट्टी घाला आणि ६ वर थांबा. पण मार्कंडेयालाही आयुष्य सोळाच वर्षांचं लिहून दिलं होतं. त्याने पिंडीला मिठी मारली, यम हात हलवत परत गेला आणि पोरगा चिरंजीव झाला. त्याच्या नावाच्या क्षेत्राजवळ राहणाऱ्या माणसाला ६ जीबीची भीती कोण घालणार? भाऊंनी १६ची पट्टी मागवली.

मागवण्याआधी अभ्यास झाला. पट्टी लॅपटॉपची लागते, डीडीआर४. डीडीआर३ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. लग्नाच्या वेळी पत्रिकासुद्धा इतकी बारकाईने पाहिली नव्हती, असं वहिनी म्हणतात.

पार्सल आलं तेव्हा आई पडवीत तांदूळ निवडत होत्या.

"आता आनखी फोटो मावतीन का रे?"

"नाही आई. फोटो डिस्कवर राहतात. ही फक्त काम करायची जागा. लाइन गेली की हिच्यातलं सगळं पुसतं."

"पुसाले एवढे पैसे देल्ले?"

यावर भाऊंकडे उत्तर होतं, पण ते पाऊण तासाचं होतं आणि तांदूळ संपत आले होते.

मग शस्त्रक्रिया. स्लॉट डिस्कच्या कप्प्यामागे असतो, म्हणून दोन्ही डिस्क बाहेर, क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या लावून. वहिनींच्या हातात टॉर्च. पोरांना श्वास जपून घ्यायची ताकीद. पट्टी बसली. डबा सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला आणि तेवढ्यात भाऊंनी तीन देवांना नारळ कबूल केले. अखेर १८ जीबी दिसली, सोबत 'ही पट्टी आमची नाही' असा कंपनीचा शेराही. भाऊंनी तो शौर्यपदकासारखा सगळ्यांना दाखवला. मेमरीची तपासणी रात्रभर चालली, पहाटे लाइन गेली, मग तपासणी पुन्हा पहिल्यापासून लावली.

परवा कॉलेजच्या एका मुलीने प्रकल्पासाठी एका शिल्पाचा फोटो मागितला. "सध्या चेहरे ओळखायचं काम चालू आहे," भाऊ म्हणाले, "दोन दिवसांनी ये." डबा देवळातल्या यक्षांचे आणि मावशींचे चेहरे वेगळे करत होता. मुलीने पुरातत्त्व खात्याच्या कनिंगहॅमचा अहवाल पाहिला. साहेब १८७०च्या दशकात इथे येऊन गेले, अहवाल १८७९ साली छापला गेला आणि त्यातलं हवं ते पान अजूनही लगेच निघतं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. मार्कंड्याच्या मुख्य देवळावर पूर्वी वीज कोसळून मोठी पडझड झाली, हे भाऊच पाहुण्यांना हात वर करून दाखवतात. आणि त्यांच्या फोटोंच्या दोन्ही प्रती एकाच डब्यात, एकाच फळीवर, एकाच प्लगवर. पट्टीच्या पैशांत थोडी भर घातली असती तर एक सुटी डिस्क आली असती, ती नागपूरला बहिणीकडे ठेवता आली असती. हे सुचवलं तर भाऊ म्हणाले, "ठेवू की. आधी ३२ची चालते का ते पाहू."