लाल दिव्याची गाडी

1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. म्हणूनच की काय, गेल्या श्रावणात तो दिवा माझ्या गाडीत लागला. टपावर नव्हे, आत, स्पीडोमीटरशेजारी. मधे गोल आणि दोन्ही अंगांना तुटक रेघांचे कंस. अर्थ: ब्रेक पॅड झिजले.

गाडी 1998 ची, जर्मन, दोन सीटची. घरात माणसं चार. हा हिशेब बायकोनं अजून माफ केलेला नाही. गाडी ताशी दोनशेच्या घरात पळते म्हणे. मी तिला ठाकूरद्वार ते ऑपेरा हाऊस दुसऱ्या गिअरच्या पुढे नेलेलं नाही. एवढ्यात पॅड झिजतील कसे, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मी मॅन्युअल उघडलं.

दोन रात्रींत मी ब्रेकवरचा अधिकारी पुरुष झालो. चाक न उघडताच ऑपेरा हाऊसच्या स्पेअरच्या दुकानातून अकरा हजारांचे पॅड आणले आणि जाहीर केलं, आता गाडी जागची हलणार नाही.

नेमकी मंडपाची पोरं आली. "काका, उद्या वासे येतायत. गाडी काढा."

"ब्रेक गेलेत."

"नाक्यापर्यंत जायला ब्रेक कशाला?"

मी त्यांना डिस्क, कॅलिपर, घर्षण असं सगळं समजावलं. त्यांनी आदरानं ऐकलं आणि आठ जणांनी मागून गाडी ढकलायला घेतली. स्टिअरिंगवर मी. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हटलं, बाकीच्या गॅलऱ्यांनी "मोरया" पुरं केलं. नाक्यावर केळ्यांची हातगाडी आडवी आली. मी डोळे मिटून पेडल दाबलं. गाडी जागच्या जागी थांबली, आठही जण डिकीवर आपटले.

"काका, ब्रेक तर कडक आहेत!"

दुसऱ्या दिवशी लालबागला एका ओळखीच्या मेस्त्रींकडे गेलो, पहिल्या गिअरमध्ये. त्यांनी चाक उतरवलं, टॉर्च मारली. "नवा पॅड बारा मिलिमीटरचा असतो, हा नऊचा आहे. तीनवर आला की या." मग बोटानं आतली एक वायर पुढे ओढली. मधोमध कुरतडलेली, तांब्याच्या तारा मिशीसारख्या पिंजारलेल्या.

तेव्हा कळलं, दिवा पॅड मोजतच नाही. पॅडमध्ये वायरचा एक फेरा असतो. पॅड झिजला की डिस्क तो फेरा कापते आणि दिवा लागतो. जुन्या मर्सिडीजमध्ये उलटं, तिथे वायर डिस्कला टेकून अर्थ झाली की लागतो. माझ्या गाडीच्या दृष्टीनं कापलं कोणी हे महत्त्वाचं नाही. डिस्कनं कापलं काय नि दातांनी कापलं काय.

"उंदीर," मेस्त्री म्हणाले. "पण आठवड्यावर गणपती आलेत, त्याला काही बोलू नका."

त्यांनी दोन टोकं सोलून पिळली, टेप गुंडाळली, दिवा विझला. "हे तात्पुरतं. नवा सेन्सर आणा." पैसे विचारले तर म्हणाले, "चहा सांगा." अकरा हजारांचे पॅड मी डिकीतून काढलेच नाहीत.

संध्याकाळी पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात. पावतीवर आकडा आधीच घातलेला: 1,001.

"अरे, दरवर्षी मी पाचशे एक देतो."

"दरवर्षी आम्ही गाडी नाही ढकलत, काका."